फुलोऱ्यातलं तिसरं मशीन

कुणाच्या घरी नेट बसवायला गेले की मी पहिला प्रश्न नेटबद्दल विचारत नाही. मी विचारते, "या घरात कोणी रुसलं, तं कुठं जाऊन बसते?" माणसं आधी एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. मग सासूबाई सुनेकडे बघत सांगतात, गच्चीच्या जिन्यात. सून सांगते, आई देवघरात. मुलगा काहीच सांगत नाही, पण सगळे त्याच्या खोलीकडे बोट दाखवतात. मी वहीत तीन फुल्या मारते आणि माझं निम्मं काम तिथेच संपतं. रुसलेलं माणूस हमखास मोबाईल घेऊन बसतं, आणि ते जिथे बसतं तिथे हमखास नेट पोहोचत नाही. घरमालकाला विचारलं तर तो हॉल दाखवतो. हॉलमध्ये काय, नेट सगळ्यांकडेच येतं.

तीस वर्षं मी लोकांच्या घरात वायरी ओढल्या. आधी अमरावतीला माहेरी, भावाच्या केबलच्या धंद्यात, आणि लग्नानंतर अकोल्यात स्वतःच्या दुकानातून. यंदा दुकान पुतणीच्या हवाली केलं आणि मी मोकळी झाले, म्हणजे रोज सकाळी दुकानात जाऊन तिला नको असलेले सल्ले देण्यापुरती मोकळी. गावात मला 'नेटवाली बाई' म्हणतात. सुरुवातीला लोक दार उघडून माझ्या मागे बघायचे, मिस्त्री कुठे आहे म्हणून. मीच शिडी घेऊन आत शिरले की पुरुष गप्प व्हायचे आणि बायका चहा टाकायच्या. बाई असण्याचा या धंद्यात एक मोठा फायदा आहे, जो माझ्या बरोबरीच्या पुरुषांना शेवटपर्यंत कळला नाही. मला थेट स्वयंपाकघरात जाता येतं. तिथे भिंतभर स्टीलच्या डब्यांची मांडणी असते, आणि स्टीलचा पत्रा नेटला पलीकडे जाऊ देत नाही. दोन-दोन तास हॉलमध्ये डोकं खाजवणाऱ्या कारागिरांना हे सांगून सांगून मी थकले.

मोर्शीला एका संत्र्याच्या व्यापाऱ्यांनी नेटचं नवं मशीन, म्हणजे राउटर, चोरीला जाईल या भीतीने लोखंडी कपाटात ठेवलं होतं, वर कुलूप. म्हणाले, "आत चालू हाय न बाई, दिवा लागते."

"दिवा तुमाले कसा दिसला?"

"कपाट उघडलं की दिसते."

कपाट उघडलं की नेटही येत होतं. मग घरात ज्याला नेट पाहिजे त्याने व्यापाऱ्यांच्या बायकोकडे, म्हणजे काकूंकडे, किल्ली मागायची आणि काकूंनी कारण विचारायचं, असा कारभार महिनाभर चालला होता. मी मशीन बाहेर काढून भिंतीवर लावलं, तेव्हा सगळं घर खूश झालं, काकू सोडून.

अमरावतीच्या एका निवृत्त हेडमास्तरांनी तर मला चांगलाच धडा दिला. जानेवारीत त्यांच्या घरी काम करून आले. गच्चीपासून न्हाणीपर्यंत नेट एकदम टकाटक. एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला, "बाई, तुमचं मशीन उन्हाळ्यात झोपा काढते." जाऊन बघते तर दोन खोल्यांच्या मधल्या दारात दांडगा कुलर बसला होता, पत्र्याचा, टाकीभर पाणी पिऊन. पत्रा आणि पाणी हे दोन्ही नेटचे वैरी, आणि आमच्या वऱ्हाडात होळीनंतर ते दोघं मिळून प्रत्येक घरात मुक्कामाला येतात. तेव्हापासून मी थंडीत काम असलं तरी दुसरा प्रश्न विचारते, कुलर कुठे बसतो. पुण्यामुंबईहून शिकून आलेले कारागीर हा प्रश्न विचारत नाहीत, म्हणून मला त्याचा फार अभिमान होता. तो अभिमान कसा उतरला, तेच सांगायला बसले आहे.

त्याआधी मेश म्हणजे काय ते सांगते, कारण गिऱ्हाईक दुकानात येऊन सांगतं, "ते मेश द्या," आणि त्याच्या मनात मच्छरदाणी असते.

पंगत डोळ्यांपुढे आणा. एकच वाढपी असेल तर पहिल्या पानावरच्या माणसाला गरम पोळी मिळते आणि शेवटच्याला गार, किंवा मिळतच नाही. नेटचं एकच मशीन असलं की असंच होतं. मग लोक काय करतात, तर मोठा वाढपी आणतात. सहा शिंगांचं, आठ शिंगांचं मशीन घेतात, हॉलमध्ये टीव्हीशेजारी मांडतात आणि पाहुण्यांना दाखवतात. वाढपी कितीही धिप्पाड आणला तरी तो भिंतीतून आरपार जात नाही. मेश म्हणजे तीन साधे वाढपी, ठरावीक अंतरावर उभे केलेले. पहिला दुसऱ्याच्या हातात देतो, दुसरा तिसऱ्याच्या. शेवटच्या पानापर्यंत पोळी गरम.

हे मशीन निवडताना माझे नियम साधे होते. घराचे चौरस फूट मोजू नका, भिंती मोजा. तिन्ही मशीनं एकाच कंपनीची घ्या, नाहीतर ती एकमेकांशी बोलत नाहीत. मशीनांच्या मधे वायर ओढता आली तर ओढाच, दिसायला वाईट दिसली तरी. आणि ओढता येत नसेल, तर एका मशीनला दुसरं दिसलं पाहिजे. एवढं सांभाळलं की खोक्यावर काय लिहिलंय ते वाचलं नाही तरी चालतं. मी स्वतः कुठलंही मशीन आधी माझ्या घरी महिनाभर लावून बघायची आणि मगच दुकानात ठेवायची. आमच्या ह्यांना त्यामुळे दर महिन्याला नवा पासवर्ड पाठ करावा लागायचा.

आता जुन्या शहरातल्या वकीलसाहेबांकडे येते. अकोल्याचं जुनं शहर मोर्णा नदीच्या पलीकडे. तिथली घरं समोरून बघितली तर दोन दारांएवढी रुंद, आणि आत शिरलं की संपता संपत नाहीत. वकीलसाहेबांचं घर तसंच. समोर त्यांची बैठक, मग मोठी मधली खोली, मग स्वयंपाकघर आणि अगदी शेवटी सुनेची खोली. भिंती जाडजूड, नुकताच रंग दिलेला. वकीलसाहेब कोर्टातून निवृत्त झाले होते पण उलटतपासणीची सवय गेली नव्हती. त्यांच्या पत्नीला सगळं जुनं शहर माई म्हणायचं. मुलगा अकोल्याच्याच कॉलेजात शिकवायचा. आणि सून मृणाल पुण्याच्या एका कंपनीत नोकरीला होती, दवाखान्यांसाठी प्रोग्रॅम लिहायची, मागच्या खोलीत बसून.

चार वर्षांपूर्वी, श्रावणात, मृणालनेच मला बोलावलं होतं. दोन वेळा परदेशातल्या गिऱ्हाइकांशी बोलताना तिचं नेट तुटलं होतं. तिच्या साहेबांनी सांगितलं होतं, पुढच्या महिन्यात याच गिऱ्हाइकांना तासभर काम दाखवायचं आहे, त्यात नेट तुटलं तर घरून काम बंद, पुण्याला येऊन बसायचं. लग्नाला दीडच वर्ष झालं होतं. नवरा अकोल्यात आणि बायको पुण्यात, असं चित्र तिच्या डोळ्यांपुढे होतं.

मी नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात शिरले. माई भाजी निवडत होत्या. दाराकडे बघून हळूच म्हणाल्या, "बाई, तुमाले काय लावाचं ते लावा. मले त्यातलं काही समजत नाही. पण ते पोरगी घरात राह्यली पायजे. ते गेली तं मी या दोन वकिलांसंग काय बोलू?" मुलगा वकील नव्हता, पण बोलायचा बापासारखाच, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी भिंती मोजल्या आणि बैठकीत येऊन सांगितलं, "तीन मशीनं लागतीन."

वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "काहून?"

"एक तुमच्या बैठकीत, एक मधल्या खोलीत, एक मृणालच्या खोलीत."

"मधल्या खोलीत कोणी झोपते?"

"नाही."

"कोणी काम करते?"

"नाही, पण..."

"मंग त्या खोलीत नेट कोणाले पायजे?" मी पंगतीचा दाखला दिला. ते म्हणाले, "दारं उघडी ठेवू. पह्यल्या मशीनले दुसरं सरळ दिसते. बरोबर?" मी म्हटलं, दारं उघडी राहिली तर दिसतं. "मंग झालं. कोर्टात दोन साक्षीदार पुरतात, बाई." वायर ओढायचं काढलं तर त्यांनी नव्या रंगाकडे बोट दाखवलं आणि विषय संपवला. तोवर मी कधी कुणाला तीनाऐवजी दोन मशीनं दिली नव्हती. त्या दिवशी दिली, कारण त्यांच्याशी बोलून मला दम लागला होता. शेवटी त्यांनी विचारलं, "बारमाही चालन?"

"कुलरसकट," मी ऐटीत म्हटलं. कुलर कुठे बसतो ते मी आधीच विचारून घेतलं होतं. तो मागच्या अंगणाच्या खिडकीत बसत होता, मशीनांच्या वाटेत नव्हता.

नेट झकास चाललं. महिनाभर एक तक्रार नाही. आणि मग भाद्रपद लागला.

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. तुमच्या गौरी, त्या आमच्या महालक्ष्म्या. तीन दिवसांसाठी माहेरी येणाऱ्या दोघी बहिणी. पहिल्या दिवशी बसतात, दुसऱ्या दिवशी पूजा आणि जेवण, तिसऱ्या दिवशी निरोप. दुसऱ्या दिवशी ज्या घरी महालक्ष्म्या आहेत त्या घरातली बाई फोन उचलत नाही, कारण तिच्या एका हाताला पुरण असतं आणि दुसऱ्याला आंबील. आमच्याकडेही महालक्ष्म्या असतात. सकाळी सव्वादहाला मी पुरण वाटत असताना मोबाईल तिसऱ्यांदा वाजला, तेव्हा जाऊबाईंनी तो माझ्या कानाला लावला.

"काकू, नेट मेलं," मृणाल कुजबुजत होती. "मागे काहीच येत नाही. बाराला तेच तासाभराचं आहे. साहेबांना तारीख बदला म्हटलं होतं, गिऱ्हाइकं ऐकत नाहीत."

"मशीन कोणी हलवलं?"

"कोणीच नाही."

"कुलर लावला?"

"भादव्यात कुलर कशाले, काकू?"

"मंग घरात नवीन काय आलं?"

"काहीच नाही." मग म्हणाली, "महालक्ष्म्या आल्या फक्त, काल रात्री. त्यानंतर लॅपटॉप आत्ताच उघडला."

मी मान वळवून आमच्या घरातल्या महालक्ष्म्यांकडे बघितलं आणि सगळं लक्षात आलं. जरीची लुगडी, मोत्यांचे दागिने, वर हसरे मुखवटे. आणि लुगड्यांच्या आत काय असतं? पत्र्याच्या कोठ्या. कंबरेइतक्या उंच, आणि काठोकाठ गहू भरलेल्या. कोठी म्हणजे देवीचं धड, ती रिकामी ठेवत नाहीत. लहानपणापासून मी स्वतःच्या हाताने त्या कोठ्या भरत आले होते. कुलरचा पत्रा मला आठवला होता. लुगड्याखालचा पत्रा आठवला नव्हता, कारण तो आपण कधी पत्रा म्हणून बघतच नाही. वकीलसाहेबांच्या दोन मशीनांच्या बरोबर मधे, मधल्या खोलीत, दोघी बहिणी गव्हासकट उभ्या होत्या.

मी पुरणाचे हात तसेच पदराला पुसले. तिसरं मशीन पाहिजे होतं, आणि त्याच कंपनीचं. दुकानात ते संपलं होतं. घरी मात्र होतं, आमच्या ह्यांच्या खुर्चीच्या वर लावलेलं. ते मॅच बघत होते. मी मशीन उपसलं.

"अवं, शेवटची ओव्हर चालू हाय," हे म्हणाले.

"तुमच्या ओव्हरपायी एका पोरीचा संसार मोडन," मी म्हटलं. जाऊबाईंनी पाटा आपल्याकडे ओढला. मी स्कूटी काढली आणि मशीन भाजीच्या पिशवीत घालून मोर्णेच्या पुलावर आले, तेव्हा लक्षात आलं की माझ्या कपाळावर पुरण आहे.

वकीलसाहेबांच्या दारात रांगोळीची पावलं होती. बैठकीत पन्नासेक माणसं जमली होती. मृणाल जरीच्या साडीत, गळ्यात हेडफोन, डोळे पाण्याने भरलेले. मी म्हटलं, बैठकीत मशीनजवळ बसून काम कर. तिने नुसतं त्या गर्दीकडे बघितलं. शेजारी जाऊन बस म्हणावं तर त्या दिवशी अख्ख्या जुन्या शहरात एक खोली रिकामी नसते. मोबाईलचं नेट त्या गल्लीत जेमतेम. वायर ओढली असती, पण मधल्या खोलीतून माणसं गरम आंबिलीची पातेली घेऊन पळत होती, आणि त्यांच्या पायांत वायर घालायची माझी हिंमत झाली नाही.

मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर मी थांबले. आत सोवळं होतं. आणि आत बघितल्यावर कळलं की कोठ्या हा निम्माच घोळ आहे. देवींच्या मागे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, कडेला माणूस जाण्यापुरती फट सोडून, सोनेरी चमकीचा पडदा लावला होता. चमकी म्हणजे सुद्धा धातूच. मृणालच्या नवऱ्याने हौसेने त्याच वर्षी आणला होता, बायकोचं नेट तोडायला. पडदा रोषणाईच्या माळांनी आणि दोऱ्यांनी असा बांधला होता की तो काढायचा म्हणजे अख्खी आरास उतरवायची. महालक्ष्म्या तर एकदा बसल्या की तिसऱ्या दिवसापर्यंत हलवत नाहीत.

वकीलसाहेब माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "बारमाही म्हणलं होतं तुमी."

"आन तुमी दोन साक्षीदार पुरतात म्हणलं होतं," मी म्हटलं. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

साडेअकरा वाजत आले होते. मी आढ्याकडे बघितलं. सुचत नसलं की मी वर बघते, ती जुनी केबलची सवय. आणि तिथे फुलोरा होता. देवींच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला करंज्या, पापड्या, वेणी-फणी असं तळलेलं दोऱ्याने लटकवतात, तो फुलोरा. चमकीचा पडदा फुलोऱ्याच्या खाली हातभर संपत होता. फुलोऱ्यातून बैठकीचं दार दिसत होतं आणि पडद्यावरून मृणालच्या खोलीचं दारही. अख्ख्या घरात दोन्ही मशीनांना दिसेल अशी तेवढी एकच जागा होती.

"माई," मी उंबऱ्यावरून म्हटलं, "मले फुलोऱ्यात एक वस्तू टांगाची हाय."

जेवायला आलेल्या सवाष्णी माझ्याकडे बघू लागल्या. एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "फुलोऱ्यात खायाची वस्तू असते, माय." मी पिशवीतून मशीन काढलं. पांढरं, पेढ्याच्या डब्याएवढं.

माईंनी ते लांबूनच न्याहाळलं. त्या सोवळ्यात होत्या, ओलेत्या लुगड्यात. "याच्यानं मृणालचं काम होते?"

"होते."

"चामडं-बिमडं नाही न याच्यात?"

"प्लास्टिक हाय, माई."

"कोणाच्या घरचं हाय?"

"माह्या घरचं."

"तुमच्या घरी आज महालक्ष्म्या बसल्या?"

"बसल्या. पुरण तसंच टाकून आली."

माई त्या म्हाताऱ्या बाईंकडे वळल्या. "मंग हे महालक्ष्मीच्या घरून आलं, मावशी. शिवता येते." वकीलसाहेबांनी पन्नास वर्षं कोर्टात घालवून एवढा झटपट निकाल ऐकला नसेल. माईंनी मला मशीन पाटावर ठेवायला लावलं. त्यांनी पाण्याची पळी उचलली तेव्हा मात्र मी ओरडले. पळी खाली ठेवून त्यांनी तुळशीचं कोरडं पान मशीनवरून फिरवलं.

पाटावर ठेवण्याआधीच बैठकीतल्या बोर्डावर लावून मी साडीची पिन मशीनच्या मागच्या भोकात खुपसली होती, म्हणजे ते माझं घर विसरलं, आणि मोबाईलवरून त्याची या घराशी ओळख करून दिली होती. पुढचं काम माईंचं. त्या स्टुलावर चढल्या. मी उंबऱ्यावर, हातात मोबाईल, डोळे त्यावरच्या रेघांवर.

"डाव्या हाताले, माई. त्या करंजीच्या वर."

"ही का ही?"

"मोठी. अजून थोडं. आता दाराकडे तोंड करा त्याचं."

"तोंड कोणतं याचं?"

"दिवा हाय ते."

माईंनी लाल नाड्याने मशीन चौकटीला बांधलं, दोन गाठी मारून, जणू दिवाळीपर्यंत काढायचं नाही. वीज रोषणाईच्या माळेच्या बोर्डातून घेतली. दिवा आधी लाल झाला, मग पिवळा, आणि खूप वेळ पिवळाच राहिला. मग निळा झाला.

"निळा झाला," माई स्टुलावरून म्हणाल्या.

त्या म्हाताऱ्या मावशींनी हात जोडले. त्यांचं बघून बाकीच्या सवाष्णींनीही जोडले. मागच्या खोलीतून मृणालचा आवाज आला, "आलं, काकू." बाराला पाच कमी होते.

बरोबर बाराला आरती सुरू झाली आणि मागच्या खोलीत मृणालचं काम. मी उंबऱ्यावर बसून राहिले, तासभर, त्या निळ्या दिव्यावरची नजर न काढता. झांजा, घंटा, कापराचा धूर, आणि त्या सगळ्यातून मागच्या खोलीतलं तिचं शांत इंग्रजी. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण ते थांबत नव्हतं, एवढं मला पुरे होतं.

साडेबाराच्या सुमारास फोटो काढायची वेळ आली. रोषणाईच्या माळा लुकलुकतात, फोटो खराब येतो, म्हणून वकीलसाहेब बोर्डाचं बटण बंद करायला निघाले. त्याच बोर्डावर मशीन होतं. माईंनी देवीसमोरून मान न वळवता सांगितलं, "हात खाली घ्या." वकीलसाहेबांनी हात खाली घेतला. त्या दिवशीचे सगळे फोटो लुकलुकणारे आहेत.

एक वाजून गेल्यावर मृणाल बाहेर आली. "एकदाही नाही तुटलं," ती म्हणाली. "ते विचारत होते, घंटा कसली वाजते. मी सांगितलं, घरी दोन पाहुण्या आल्या आहेत." साहेबांनी शेवटी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, पुण्याला यायची गरज नाही, आहे तिथूनच काम करा. माईंनी एकदा तिच्याकडे बघितलं, डोळ्यांना पदर लावला, आणि मला म्हणाल्या, "जेवल्याबिगर जाऊ नका."

"मी मशीन काढून घेते अन् जाते, माई. घरी माह्या महालक्ष्म्या वाट पाहून राहिल्या."

"काढून?" माई म्हणाल्या. "देवी बसली असताना फुलोरा उतरवतात काय?"

फुलोरा निरोपाच्या आरतीनंतर उतरवतात. मग दीड दिवस आमच्या घरी नेट नव्हतं. आमच्या ह्यांनी त्या काळात माझ्याशी जितकं बोलून घेतलं तितकं लग्नानंतर कधी बोलले नव्हते. तिसऱ्या दिवशी मी मशीन आणायला गेले, तेव्हा त्याच्या कपाळावर, म्हणजे दिव्याच्या जरा वर, हळदीकुंकू होतं. माईंनी माझी खणानारळाने ओटी भरली आणि चार दाणे मशीनवरही टाकले. मी निघताना वकीलसाहेबांनी तिसरं मशीन मागवायला सांगितलं. म्हणाले, "दोन साक्षीदार फितूर निघाले."

मी तिसरं बसवलं, उंचावर, पडदा आणि कोठ्या मोजून. तेव्हापासून माझा तिसरा प्रश्न ठरला, महालक्ष्म्या कुठे बसतात. वकीलसाहेबांच्या घरी आता माझ्या मशीनची काडीची गरज नाही. तरी दर भाद्रपदात माईंचा फोन येतो, "तिले केव्हा धाडून राहिल्या?" मी मशीन पिशवीत घालते. आमचे हे पाच दिवस आधीपासून सगळ्या मॅचेस बघून घेतात. कुंकवाचा डाग मी पुसलेला नाही.

यंदाही गेले. माईंचे गुडघे आता स्टूल चढू देत नाहीत, म्हणून सोवळ्यात मृणाल होती. ती स्टुलावर, आणि उंबऱ्यावर माझ्या जागी माई, माझा मोबाईल डोळ्यांपुढे धरून. "डाव्या हाताले. त्या करंजीच्या वर. दोन रेघा आल्या, अजून सरकव." मला कोणी काही विचारलं नाही. दिवा निळा झाला. बारा वाजत आले होते, आणि दिवस कामाचा होता, म्हणून मी मृणालला म्हटलं, "जाय, बस मागं. वेळ झाली न तुही?"

"सुटी घेतली, काकू. चार वर्षांत पहिल्यांदा पूजेला बसून राहिली."

माईंनी मोबाईल खाली केला. "सुटी? मंग हे कशाले टांगलं?"

"तुमी सांगितलं म्हणून."

"उतर खाली," माई म्हणाल्या. "त्या बाईच्या घरचं नेट बंद करून आणलं आपण. आरतीले वेळ हाय अजून. दहा मिनटं तरी बस जाऊन."

लॅपटॉपला शिवलं की सोवळं मोडतं का, यावर वकीलसाहेबांनी निकाल देऊन ठेवला होता की मोडत नाही. मृणाल हसत मागे गेली. क्षणभराने माईंच्या हातातला मोबाईल वाजला. माईंनी तो दोन्ही हातांनी धरला, आणि स्क्रीनवर सोवळ्यातली सून दिसली.

"बोला, आई."

माई लाजल्या. मग म्हणाल्या, "आंबिलीत मीठ टाकलं होतं काय तू?" दोघींच्या मधे चमकीचा पडदा होता आणि गव्हाने भरलेल्या दोन कोठ्या. आरती सुरू होईपर्यंत त्या मिठावर बोलत होत्या, आणि एकदाही तुटलं नाही.